आईची साडेसातची सिरीयल

बाबा गेल्याच्या चौथ्या दिवशी आईने टीव्ही लावला, आणि मी तिच्या हातातून रिमोट हिसकावून घेतला.

आज आईला जाऊन वर्ष झालं. आता तरी खरं लिहिते.

पॅरालिसिसनंतर दोन वर्षं बाबा आमच्या सुकापूरच्या फ्लॅटमध्ये पलंगावरच होते. वाचा गेली होती.

रोज साडेसातला आई त्यांच्या उशाशी बसून सिरीयल लावायची. एकदम टुकार सिरीयल. मी तोंडावर म्हणायचेसुद्धा.

आई त्यातल्या सासूला मनसोक्त शिव्या घालायची. "मर मेले!" म्हणायची.
आणि बाबा अर्ध्या चेहऱ्याने हसायचे.

दिवसभर डायपर, औषधं, पाठीच्या जखमा. त्यात तेवढाच अर्धा तास दोघांचा होता.

मग बाबा गेले.

सुतकात आमच्याकडे टीव्ही लावत नाहीत. शिरढोणची आत्या, काका, शेजारी, सगळे हॉलमध्ये सतरंजीवर बसलेले. साडेसात वाजले आणि आईने टीव्ही लावला.

"आई, अजून दहावं झालं नाही! लोक काय म्हणतील? लाज वाटते का जरा?"

"आवाज बारीकच हाय गो," एवढंच म्हणाली.

माझा राग कायम नाकावर. टीव्ही बंद केला, वर प्लगही काढला.
आठ वाजेपर्यंत ती तशीच बंद टीव्हीकडे बघत बसली.

तेराव्यानंतर मीच लावून दिला.
"नको गो. आता लय पुढं गेली असंल."

जुने एपिसोड मोबाईलवर दाखवते म्हटलं. तरी नको.

त्यानंतर तिने टीव्ही बघितलाच नाही. साडेसातला भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. विचारलं तर म्हणायची, डोकं दुखतंय.

सात महिन्यांत गेली.

तिच्या सुतकात, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, आत्याच मला म्हणाली, "लाव गो टीवी. घर खायाला उठलंय."

"आत्या, सुतक आहे ना."

"मंग काय झालं? तवा तुज्या आईलाबी बघू द्यायचा होता. आमी कुनी काय बोललो व्हतो?"

खरंच. कुणीच काही बोललं नव्हतं.
मीच बोलले होते.

सॉरी म्हणायला सात महिने होते माझ्याकडे. एकाच घरात राहत होतो आम्ही. रोज चहा देताना वाटायचं, आज बोलू. नाही बोलले. कसली एवढी अक्कड होती, देव जाणे.

आई, श्रद्धांजली बाकीचे वाहतील.
मी माफी मागते.