‘चालेल’ न म्हणणारे वकील

“साहेब, चहा चालेल का?” असं विचारलं की आमच्या वकीलसाहेबांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. “आत्ता असेल तर द्या. नसेल तर राहू द्या.” ‘चालेल’ हा शब्द काही त्यांच्या तोंडून यायचा नाही. तुम्हीही अशी विक्षिप्त माणसं पाहिली असतील. मीही विक्षिप्तपणाच समजत होतो.

डोंबिवली पूर्वेला पहिल्या मजल्यावर त्यांचं ऑफिस, खाली माझं झेरॉक्सचं दुकान. जुलैत रिटर्न भरणाऱ्यांची झुंबड, बाकी वर्षभर मृत्युपत्रं. गॅलरीतून हाक यायची, “अहो झेरॉक्स, वर या, सही आहे!” की गिऱ्हाईक टाकून मी वर. साक्षीदाराने आतला मजकूर वाचायचा नसतो, माणूस सही करताना बघायचं आणि खाली आपली सही ठोकायची. एकदा वैतागून विचारलं, “दरवेळी मीच का?” तर म्हणाले, “साक्षीदार वयाने लहान हवा आणि जागेवर सापडणारा हवा. तुम्ही कुठे जाताय दुकान सोडून?”

येणारा प्रत्येक जण तेच विचारायचा, “सोसायटीत नॉमिनी लावलाय की, मग हे कशाला?” साहेब चष्मा काढून डोळे चोळायचे. “नॉमिनी म्हणजे राखणदार हो, मालक नव्हे.” दिवसातून तीनदा. शेवटी शेवटी आवाज इतका थकलेला, की मला वाटायचं एक पाटीच रंगवून द्यावी.

पण कागद एकदा तयार झाला, की सहीशिवाय ते कुणाला जिना उतरू द्यायचे नाहीत. एक काका म्हणाले, “आज अमावास्या आहे, उद्या येतो.” साहेब दारात आडवे. “सही करा आणि जा. अमावास्येचं पाप माझ्या डोक्यावर.”

काका गेल्यावर मी म्हटलं, “साहेब, अतिच करता तुम्ही.” तेव्हा ते खुर्चीत टेकले आणि सांगू लागले.

कोपरचे एक गृहस्थ. बायको लवकर गेली, दोन्ही मुलं त्यांच्या अविवाहित बहिणीने वाढवली. आपल्यामागे फ्लॅट बहिणीला मिळावा म्हणून त्यांनी मृत्युपत्र करायला घेतलं. कागद तयार झाला. सहीच्या दिवशी सकाळी फोन आला, “साहेब, पितृपक्ष लागलाय. घट बसले की करू. चालेल ना?”

“मी म्हटलं, चालेल,” साहेब म्हणाले.

सर्वपित्रीच्या आधीच गृहस्थ गेले. सही नाही म्हटल्यावर फ्लॅट मुलांचा. साहेब ठाण्याला जाऊन त्या मुलांपुढे हात जोडून आले, आत्याला हयातभर राहू द्या म्हणून. मेल्यांनी फ्लॅट विकला! ती आत्या, म्हणजे ताई, आंबिवलीला भाड्याच्या खोलीत गेल्या.

तेव्हापासून दर दिवाळीला साहेब फराळाचा डबा घेऊन आंबिवलीला जायचे. दोनदा मीही गेलेलो. ताई चहा करायच्या, साहेब खाली मान घालून प्यायचे. त्या विषयावर दोघंही अवाक्षर काढायचे नाहीत. परत येताना साहेब एवढंच म्हणायचे, “माझ्यामुळे हो.” मला फार वाईट वाटायचं.

गेल्या श्रावणात साहेब गेले. तेराव्याहून परतताना ताई माझ्या दुकानात स्टुलावर टेकल्या. मला राहवलं नाही. म्हटलं, “ताई, तुमच्या घराचा दोष साहेबांनी शेवटपर्यंत स्वतःकडे घेतला होता.”

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. “त्यांचा कसला दोष? दादा त्या दिवशी चपला घालून निघाला होता. मीच अडवलं. म्हटलं, पितृपक्षात मरणाचे कागद करू नकोस. फोनसुद्धा मीच करायला लावला.”

“अहो, मग हे साहेबांना का नाही सांगितलंत?” मी जवळजवळ ओरडलोच.

ताईंनी पदर तोंडाला लावला.

“लाज वाटायची हो. ते एवढा डबा घेऊन यायचे… या दिवाळीला मी सांगणारच होते.”