बारावा टोप

आजही कोणी हातात नारळ ठेवला की मला ती केस आठवते आणि चेहरा सरळ ठेवणं कठीण जातं. घरफोड्या, वाहनचोऱ्या, साखळीचोर, सगळं सेवेत पाहिलं. पण चोरी करून जागेवर नारळ ठेवून जाणारा चोर मला एकदाच भेटला.

तेव्हा मी खालापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. लोधिवलीच्या पलीकडे, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यापासून जरा आत, एक खासगी कलासंग्रहालय होतं. चित्रं, शिल्पं, मोठं अंगण आणि मागे माथेरानचा डोंगर. नुसत्या तिकिटांवर अशी जागा चालत नाही, म्हणून ते दालनं आणि अंगण कार्यक्रमांना देत. कंपन्यांची संमेलनं, साखरपुडे, एकसष्ट्या. एकदा एका कुत्र्याचा वाढदिवसही झाला. पाहुण्यांच्या गाड्यांनी रस्ता अडला म्हणून मला जावं लागलं. केक चांगला होता.

एका शुक्रवारी सकाळी तिथला व्यवस्थापक ठाण्यात आला. चाळिशीचा, कडक इस्त्रीचा, बोलताना घड्याळ बघणारा माणूस. त्याने अर्ज पुढे केला : ‘मधल्या दालनातील चौथऱ्यावरचे धातुशिल्प, शीर्षक ओझं, काल कंपनीच्या संमेलनादरम्यान चोरीस गेले.’

“रविवारी साखरपुडा आहे साहेब. अंगठ्या त्या शिल्पासमोरच घालायच्यात. मुलीने शिल्प बघून जागा ठरवली. शिल्पकार बाईसुद्धा येणार आहेत.”

“संशय कोणावर?”

“जेवण करणाऱ्या बायकांवर. दुसरं कोण?”

त्या दिवशी तिथे कंपनीचे शे-दीडशे पाहुणे होते, पण त्यांचं नाव घ्यायला त्याची जीभ धजत नव्हती. जेवण शेजारच्या गावातल्या बचत गटाचं होतं. दहा जणी. मुंबईच्या पाहुण्यांना चुलीवरचं लागे : तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, भात. त्या दहा घरांना संग्रहालयाच्या कामाचा मोठा आधार होता. एकदा नावं गुन्ह्याच्या कागदावर आली की हे काम तर जाणारच, वर पंचक्रोशीत कोणी त्यांना आपल्या चुलीपाशी उभं करणार नाही. म्हणून मी आधी प्राथमिक चौकशी करायचं ठरवलं आणि शनिवार संध्याकाळपर्यंत वेळ मागून घेतला.

घटनास्थळी गेलो. चौथरा रिकामा आणि त्यावर मधोमध नारळ, शेंडी वर करून ठेवलेला.

खरं सांगतो, मला मनातून आनंदच झाला. इतक्या वर्षांत मला असा चोर मिळाला नव्हता! “ही टोळीची खूण आहे,” मी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. “जिथे चोरी, तिथे नारळ.”

माझ्यासोबत कर्जतकडच्या एक महिला हवालदार होत्या. कमी बोलणाऱ्या, जास्त बघणाऱ्या. त्या हळूच म्हणाल्या, “साहेब, हा मानाचा ठेवल्यागत वाटतोय.”

“टोळ्यांना मान असतो,” मी म्हणालो आणि नारळ कागदात गुंडाळून, सही-शिक्का करून ताब्यात घेतला.

कॅमेरा होता. पण कंपनीने नेमका त्याच्यावर ‘आपण सारे एक कुटुंब’ असा फलक बांधला होता. दारावरच्या रखवालदाराला विचारलं, “शिल्प नेताना कोणाला पाहिलंस?”

“नाय सायेब. आईशप्पत, शिल्पाला कुनी हात पन लावला नाय.”

माणूस डोळ्याला डोळा देऊन बोलत होता. मी तसं लिहून घेतलं. परत येऊन मुंबई-पुण्याच्या जुन्या वस्तूंच्या बाजारांत चौकशीचे फोन लावले. संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यातली टोळी परदेशात पोचली होती.

शनिवारी सकाळी एक टेंपोवाला ठाण्यात आला. टोपी हातात, घाम कपाळावर.

“सायेब, त्या बायांची भांडी मीच नेतो. परवा जाताना अकरा टोप व्हते. येताना बारा.”

“बरं मग?”

“मग काय नाय. मी मोजूनच चढवतो, मागं एक झाकन पडलं तर बायांनी डोकं खाल्लं माझं. ह्या येळी एक जास्त. तुमी चौकशी करताय आयकलं, मनलं सांगून टाकावं. मला आत घालू नका.”

“अरे बाबा, मी शिल्प शोधतोय. टोपांशी मला काय करायचंय?” मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. असा मी चतुर अधिकारी.

तो गेल्यावर हवालदार बाईंनी संग्रहालयाचं माहितीपत्रक माझ्या टेबलावर ठेवलं. त्यात त्या शिल्पाचा फोटो होता. मी तो आदल्या दिवशी पाहिला होता, पण वर छापलेलं कौतुक वाचण्यात गुंतलो होतो. बाईंनी त्यावर बोट ठेवलं.

“साहेब, हा टोप आहे.”

मी चष्मा लावला. अर्ध्या आळीचा भात शिजेल एवढा, काजळीने काळाकुट्ट, दोन कड्यांचा टोप. शिल्पकार बाईंनी तो चौथऱ्यावर ठेवला होता, एवढंच.

मी रखवालदाराला फोन लावला. “दालनातून टोप नेताना कोणाला पाहिलंस का रे?”

“हां, टोप नेला ना! चौघी जनींनी. लय जड व्हता, मीच दार धरलं.”

“मग काल का नाही बोललास?”

“तुमी शिल्पाचं इचारलं, सायेब.”

साक्षीसाठी महिलांना ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब त्यांच्या राहत्या घरी घ्यावा लागतो. आम्ही गावात गेलो. गटाच्या प्रमुख बाईंच्या खळ्यात बारा टोप उन्हात पालथे घातलेले. अकरा जर्मनचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे, आणि एक तांब्याचा, असा लखलखीत की डोळ्यांवर हात धरावा लागला. माझा मुद्देमाल वाळत पडला होता.

प्रमुख बाई पन्नाशीच्या, पदर खोचलेल्या. बाकीच्या नऊ जणी मागे उभ्या.

“हा टोप कोणाचा?” मी आवाज चढवला.

“आमचा.”

“हा संग्रहालयातला आहे.”

“तितं व्हता. हाय आमचा.”

त्यांनी टोप कलता करून काठ माझ्यापुढे धरला. काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेली अक्षरं : त्या गावाचं नाव, आणि पुढे ‘गावकी’.

जबाब घेता घेता सगळं बाहेर आलं. गावच्या जेवणावळींचे सामाईक टोप त्यांच्या घरी असत. बारा. फार वर्षांपूर्वी घाटाकडच्या एका लग्नाला एक दिला, तो परत आलाच नाही. दिला होता त्यांच्या सासूबाईंनी. त्या आता ओट्यावर बसून आमच्याकडे रोखून बघत होत्या.

“तवापासनं गावात कुनाचं लगीन असलं की बाया हसत्यात,” प्रमुख बाई म्हणाल्या. “मनतात, म्हातारीनं टोप गिळला. हसनं असतं, पन बोचतं ना सायेब?”

“मग काजळीत ओळखलात कसा?”

“परवा पयल्यांदाच त्या दालनात वाढायला गेलो. कडीवरनं ओळखला. एक तांब्याची, एक लोखंडी. नाव दिसत नव्हतं. घरी आनला, चिंच लावून घासला, मग वाचलं.”

“आधी न्यायचं, घासायचं, आणि विचारायचं कुणी?”

“इचारायचं कशाला? आपलं भांडं जेवणावळीत दिसलं की जेवनं उरकल्यावर घरी आनायचं, हीच रीत. आन् नारळ ठेवला की मी! इतकी वर्सं त्यांनी संभाळला. जागा रिकामी कशी ठेवायची?”

हवालदार बाई माझ्याकडे न बघता वहीत लिहीत राहिल्या. ते त्यांचे उपकार.

तेवढ्यात मी बोलावलेला व्यवस्थापक शिल्पकार बाईंना घेऊन पोचला. टोप बघून तो मटकन खाली बसला.

“काजळी! काजळीच तर कलाकृती होती! बायकांच्या पिढ्यांचं ओझं होतं ते!”

“मीठ पन लावलं व्हतं,” मागून एक जण मदतीला धावली. “निसत्या चिंचेनं निघत नव्हतं.”

मी घसा साफ केला. चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. इथे तर चोराने दारावरच्या माणसाच्या हाताने दार उघडून घेतलं आणि वर नारळ ठेवला. शिल्पकार बाईंनी टोप भंगारवाल्याकडून रीतसर घेतलेला. कोणाचीच लबाडी नाही. “गुन्हा होत नाही,” मी सांगितलं. “टोप कोणाचा, हा दिवाणी वाद आहे. कोर्टात जा.”

“पण उद्या साखरपुडा आहे!” व्यवस्थापक कळवळला. “आणि तुम्ही, बाई, टोप परत देणार नसाल तर सोमवारपासून तुमचं काम बंद.”

नऊ जणी प्रमुख बाईंकडे बघू लागल्या. त्यांनी एकदा सासूकडे पाहिलं.

“ऱ्हाऊ द्या काम,” त्या म्हणाल्या. आवाज हलला, पण टोपावरचा हात हलला नाही.

शिल्पकार बाई इतका वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत होत्या. “सात वर्षं माझ्याकडे होता,” त्या म्हणाल्या. “मी ओझं ओझं करत बसले, आणि नाव वाचलंच नाही.”

तेव्हा ओट्यावरून म्हातारी कडाडली, “काला पायजे ना तुमाला? मग आत कल्हई करा, चुलीवर चढवा, भात शिजवा! दुपारपातूर काला हुतोय. त्यात रडायचं काय रं?”

आधी शिल्पकार बाई हसल्या, मग आम्ही सगळे, आणि शेवटी घड्याळ बघत व्यवस्थापक. तिथेच ठरलं. टोप गावकीचा. संग्रहालयाने तो लग्नघराने न्यावा तसा मागून न्यायचा. प्रत्येक कार्यक्रमाला ह्याच दहा जणींनी त्यात भात रांधायचा आणि मग आहे तशा काजळीसकट तो चौथऱ्यावर चढवायचा. गावच्या जत्रेला टोप घरी. म्हातारीची अट एकच : परत आणताना रिकामा आणायचा नाही, आत मूठभर तांदूळ हवेत.

खोपोलीच्या कल्हईवाल्याला त्याच दिवशी गाठलं. रविवारी अंगठ्या घातल्या गेल्या तेव्हा टोप अजून गरम होता आणि दालनभर भाताचा वास होता. मुलगी म्हणाली, शिल्प फोटोतल्यापेक्षा छान आहे. अर्ज मागे घेतला गेला.

माझ्या खणात सही-शिक्क्याचा नारळ तेवढा उरला. जत्रेच्या दिवशी तो परत करायला मी गावात गेलो. त्याच वेळी गाडीतून व्यवस्थापक उतरला, कडक इस्त्रीच्या शर्टाला काजळी फासलेली, तिघांना हाताशी घेऊन, मूल धरावं तसा टोप धरलेला. म्हातारीने आधी आत डोकावलं.

“रिकामा नाय आनला,” ती सुनेला म्हणाली. “शिकला गं ह्यो.”

शिकायचं मलाही होतं. चोरीच्या जागी काय गेलं याची यादी आम्ही पोलीस मन लावून करतो. तिथे काय ठेवलं गेलं, ते त्या मातीतल्या माणसाला विचारावं, आणि त्याने सांगितलं तर ऐकावं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या हवालदार बाईंनी पहिल्या मिनिटाला सांगितलं होतं. मी टोळी शोधायला परदेशात गेलो.

म्हातारीने कागद फाडला, नारळ पायरीवर फोडला आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. सबंध सेवेत मी पुरावा खाल्ला तो एवढाच. खोबरं गोड होतं, आणि त्याबद्दल माझी चौकशी अजून तरी लागलेली नाही.