आधी नाव, मग गोष्ट

सरूकाकू गोष्ट सांगायला बसल्या की आधी ती कोणाकडून मिळाली ते सांगत. नुसतं नाव नाही. त्या बाईचं माहेर, सासर, तिला मुलं किती, ती कशाने गेली, सगळं. आम्ही पोरी कंटाळून जायचो. "काकू, गोष्ट सांगा ना," म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "पहिले नाव, मंग गोष्ट."

सुरतेतल्या डिंडोलीत आमच्या समोरच्याच घरात त्या राहायच्या. त्यांचे यजमान आणि माझे वडील पांडेसऱ्यात एकाच कारखान्यात मागावर होते. दुपारी काकूंच्या ओट्यावर पाच-सहा बायका साड्यांना खडे चिकटवायला बसायच्या. बोटांना गम, मांडीवर साडी, आणि मध्ये काकूंची गोष्ट. ऐकणाऱ्याने हूं म्हणत राहायचं हा दुसरा नियम. "हूं म्हन, नही ते मी थांबसू," अशी त्यांची धमकी, आणि त्या खरंच थांबायच्या.

एकदा राक्षसाच्या सात बहिणींची गोष्ट रंगात आली होती. सहावी बहीण विहिरीत उतरलेली, सगळ्यांचे हात थांबलेले. तेवढ्यात काकू गप्प झाल्या. गोष्ट मावशीची म्हणून सुरू केली होती आणि आत्ता आठवलं की ती मामीची. चूक कबूल करून त्यांनी मामीचं नाव घेतलं आणि पहिल्या बहिणीपासून पुन्हा सुरुवात केली. बायका हसून बेजार झाल्या. काकूंना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

मला सगळ्यांत आवडायची ती तापीच्या तळाशी असलेल्या गावाची गोष्ट. तिथल्या बायका आपल्या सावल्या धुऊन दोरीवर वाळत घालतात, आणि एकीची सावली कोणीतरी उचलून नेतं. तापी आमच्या खानदेशातूनच सुरतेला येते, त्यामुळे ते गाव खरंच असणार याबद्दल मला शंका नव्हती.

पुढे लग्न होऊन मी तापीपलीकडे अडाजणला आले आणि अद्भुत कादंबऱ्या लिहू लागले. सकाळी सगळ्यांचे डबे गेले की जेवणाच्या टेबलावर वही उघडायची, आधी नकाशा काढायचा, मग माणसं. पांडेसऱ्यात कापड रंगवणाऱ्या मिलच्या मागच्या खाडीचं पाणी एके दिवशी लाल तर दुसऱ्या दिवशी हिरवं असायचं, त्यावरून मला रंग बदलणारी नदी सुचली. ती माझी. पण नदीच्या तळाचं गाव, वाळत घातलेल्या सावल्या, चोरीला गेलेली सावली, म्हणजे ज्यावर त्या नदीची कादंबरी उभी आहे ते सगळं काकूंचं होतं. कादंबरी गाजली. हे सुचलं कसं, असं पहिल्यांदा एका मुलाखतीत विचारलं, तेव्हा मी म्हणाले, तापाने पडले होते, त्यात दिसलं. खरं सांगायला काय झालं होतं? मला लाज वाटली. बोटांना गम लागलेल्या बायका आणि अहिराणी गोष्ट त्या सभ्य खोलीत न्यायची मला लाज वाटली. उत्तर लोकांना आवडलं आणि मग तेच तोंडात बसलं.

सुरतेच्या मराठी मंडळींनी माझा सत्कार ठेवला, तेव्हा काकूंना मीच बोलावलं होतं. त्या इस्त्रीचं लुगडं नेसून तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. पुण्याहून मुलाखत घ्यायला आलेल्या बाईंनी तोच प्रश्न विचारला. मी काकूंकडे पाहिलं. आत्ता सांगता येईल, असं मनात आलंही. आणि मी तापाची हकीकत सांगितली, नेहमीपेक्षा जरा रंगवूनच. टाळ्या पडल्या. काकूंनीही वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर त्या गर्दीतून वाट काढत आल्या. मी मान खाली घालून उभी होते. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला.

"वर्षा, तुले इतला ताप येल व्हता? माले काबरं सांगं नही? काढा करी देतू."

मी बरी आहे, एवढंच म्हणाले.

महिन्याभराने माहेरी गेले, तर ओट्यावर काम चाललं होतं. बायकांनी तापीच्या तळाची गोष्ट मागितली. काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हाई गोष्ट आपली वर्षानी शे. तिले तापमा दिसनी." आणि सुरू झाल्या. चिडून म्हणाल्या की मनापासून, हे मला आजही कळलेलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. "काकू, ही तुमची आहे," हे चार शब्द मला बोलता आले नाहीत. मी खाली बसले, साडीचं एक टोक हातात घेतलं आणि सगळ्यांबरोबर हूं म्हणत राहिले.

गेल्या वर्षी काकू गेल्या. नवी आवृत्ती निघायची होती. मी प्रकाशकांना फोन करून पहिल्या पानावर त्यांचं नाव घालायला सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की काकूंना हे चाललं नसतं. ती गोष्ट त्यांना कोणीतरी दिली होती. त्या बाईचं नाव त्यांनी माझ्यासमोर पन्नास वेळा तरी घेतलं असेल. त्यांच्या सुनेला विचारलं, ओट्यावरच्या बायकांना विचारलं. त्या म्हणतात, ती तर तुमची ना ताई?

मी रोज आठवून पाहते. त्या बाईला मुलं नव्हती आणि ती नदीकाठच्या गावात दिली होती, एवढं आठवतं. नाव आठवत नाही. काकू ते सांगायच्या, तेव्हा मी गोष्ट सुरू व्हायची वाट बघत असायचे.