बत्तीस बिटमधला फोटो

नव्या कॉम्प्युटरचं कौतुक मला धड आठवडाभरही करता आलं नाही. लोणावळ्याच्या ओलीनं जुन्या मशीनचा मदरबोर्ड खाल्ला, तेव्हा विकणारा म्हणाला, "आता चौसष्ट बिटच घ्या, विमान आहे विमान!" घेतलं विमान. जुन्याची हार्डडिस्क तेवढी शाबूत होती, ती काढून नव्याला जोडली. पण ज्या सॉफ्टवेअरमध्ये मी इतकी वर्षं लग्नाचे अल्बम केले, ते काही उघडेना. ते बत्तीस बिटच्या काळातलं. त्याची चावी, म्हणजे पेनड्राइव्हसारखा छोटा डोंगल, यूएसबीत खोचल्याशिवाय ते चालत नाही, आणि नवी सिस्टीम त्या चावीला ओळखच देईना. म्हटलं, गेलं खड्ड्यात. जुनी लग्नं आता कोण मागायला येतंय?

आले ना. तिकोणा पेठेच्या वरच्या वाडीतले एक आबा, जीपा बदलत, भर पावसात. बायको गेली होती त्यांची. दुसऱ्या दिवशी दहावा होता. आमच्याकडे माणूस गेलं की चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो, आणि माझं अर्धं दुकान हल्ली त्यावरच चालतं. त्यांच्या वाडीतल्या कुणाचा मात्र आजवर लागला नव्हता.

"तिचा लावायचाय," आबा म्हणाले. "पन फोटू न्हाई. मोबाईल बघितला की पदर तोंडावर घ्यायची. पोरांनी लय डाव बघितलं करून."

त्यांनी आधार कार्ड पुढे केलं. मी त्यावरचा फोटो मोठा करून दाखवला. काळा डाग नुसता, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. आबांनी मान हलवली.

"ही न्हाई ती."

मग म्हणाले, "तुमच्याकडं हाय की तिचा. धरणाखालच्या लग्नात आमी दोगं राबायला गेलतो. ती पानी वाढत व्हती. तुमचा फ्लॅश तिच्या अंगावर पडलेला म्या बघितलाय."

मला ते लग्न आठवलं. बडं बागायतदार घर होतं. आणि पार्टीचं सांगणं ठरलेलं असतं: वाढपी, पाण्याच्या बादल्या, खरकटी ताटं अल्बममध्ये दिसता कामा नयेत. मग आम्ही फोटोच्या कडा आत घेतो. मावळातला प्रत्येक फोटोग्राफर हेच करतो, त्याचेच पैसे मिळतात. म्हणजे छापलेल्या अल्बममध्ये ही बाई असणं शक्यच नव्हतं. मूळ फोटो मी जागा करायला केव्हाच उडवलेले. पण त्या जुन्या सॉफ्टवेअरची एक गोष्ट चांगली होती. कड नुसती झाकली जायची, आतल्या फाईलमध्ये फोटो अख्खा राहायचा.

विकणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "विंडोजची होम एडिशन आहे ना? प्रो करून टाका, सगळं चालेल." प्रोचा नवा की-नंबर टाकला. दहा मिनिटांत होमचं प्रो झालं, काही पुसावं लागलं नाही. दारावरची पाटी तेवढी बदलली, आत बिऱ्हाड तेच! चावी ओळखायची नाही ती नाहीच. पुन्हा फोन. आता म्हणतो, त्या चावीला बत्तीसच लागेल, पण चौसष्टचं बत्तीस असं सरळ होत नसतं, सगळं पुसून जुनी सिस्टीम नव्यानं टाकावी लागेल.

"पण अर्धा रॅमसुद्धा दिसणार नाही हो तिला. कशाला मशीनचं वाटोळं करताय?"

"मशीन माझं आणि वाटोळंही माझंच," म्हटलं आणि फोन आपटला. हीच अक्कल विकताना सांगितली असती तर?

आबा सगळं ऐकत होते. 'पुसणार' हा शब्द त्यांनी बरोबर धरला.

"सगळं पुसनार म्हंता. मंग ती?"

ती जुन्या डिस्कवर आहे, पुसायची ती वेगळी, असं मी दोनदा समजावलं. त्यांचा चेहरा काही हलेना. शेवटी मी जुनी डिस्क सोडवली आणि त्यांच्या हातात दिली. "घ्या. तुमच्याजवळच ठेवा. मी मागेन तेव्हाच द्या." त्यांनी ती उपरण्यात गुंडाळली, मांडीवर ठेवली आणि वर दोन्ही हात. पडद्यावर टक्के सरकत राहिले. मी चहा मागवला. त्यांनी एक हात काढून कप घ्यायलाही नकार दिला.

संध्याकाळ झाली. बत्तीस बिट बसली. चावीचा हिरवा दिवा लागला आणि माझ्या तोंडून "अरे व्वा!" निघालं. आबांनी डिस्क दिली. लग्न उघडलं, अल्बममधलं पंगतीचं पान सापडलं. मधोमध नवरदेवाचे मामा जेवताहेत. मी उजवीकडची कड धरून ओढत गेलो. आधी बादली आली, मग बांगड्यांचा हात, मग हिरवं लुगडं. मग ती आली. पदर नाकापर्यंत ओढलेला. वर फक्त डोळे, थेट माझ्याकडे बघणारे.

एवढा आटापिटा करून हेच?

आबा खुर्चीतून उठले, पडद्याजवळ आले. "हीच," म्हणाले. "हीच ती." बराच वेळ बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "भाऊ, तुमी त्या लग्नातली मानसं काडून टाकली ना ह्याच्यात? मंग तिचा पदर तेवडा बाजूला करता येतो का वो?"

हल्ली मोबाईलसुद्धा चेहरा बनवून देतो. मागितला असता तर एक बनलाही असता. तो तिचा नसता.

"नाही येत, आबा," मी म्हणालो. "त्याच्या खाली काही नसतं."

त्यांनी मान डोलावली. त्यांना ते माझ्याआधीच कळलं असावं.

"मंग ऱ्हाऊ द्या. तशीच छापा."

तशीच छापली. फ्लेक्सवर मोठं केल्यावर तिचे डोळे फार स्वच्छ दिसत होते. गुंडाळी काखेत मारून आबा जीपकडे निघाले तेव्हा पाऊस होताच, आणि त्यांनी डोक्यावरचं प्लास्टिक काढून तिच्यावर पांघरलं.