मोठ्या पाटीवरचं कुंकू

धम्मशीलाबाईंना लहानपणापासून एक खोड होती. वस्तू हातात आली की ती कशी चालते हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. सोनपेठला माहेरी असताना त्यांनी वडिलांचा रेडिओ उघडला. तो परत जोडता आला नाही, म्हणून बिचाऱ्या वडिलांनी पुढचे कितीतरी दिवस शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून बातम्या ऐकल्या. पुढं त्या ताडकळसच्या बाजूच्या एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका म्हणून आल्या, तरी खोड काही गेली नाही. उलट आता तिला वर्गभर साथीदार मिळाले.

या शाळेसाठी गावानं वर्गणी करून बोटानं चालणारा डिजिटल फळा घेतला, तो बाईंनी लावलेल्या लकड्यामुळेच. शाळा समितीचे अध्यक्ष आबासाहेब आधी तयार नव्हते. वापरली की वस्तू झिजते, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्या घरातल्या सोफ्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, यावरून काय ते समजा. पण एकदाचा फळा आला, भिंतीवर चढला, आणि पोरांनी त्याचं नाव ठेवलं मोठी पाटी.

बाईंचा एकच हट्ट होता, मोठ्या पाटीला पोरांचे हात लागले पाहिजेत. बाईंनी बटणं दाबायची आणि पोरांनी हाताची घडी घालून बघायचं, हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. पोरं एकेक करून पुढं येत, गोदावरी आणि पूर्णा बोटानं ओढून नकाशात जागच्या जागी नेऊन ठेवत. गोपाळ नावाचा पोरगा वर्गात कधी तोंड उघडत नसे. एके दिवशी त्यानं पडद्यावरचं हृदयाचं चित्र बोटानं फिरवलं आणि हळूच विचारलं, की झोपल्यावर हे थांबतं का. त्याचा तो पहिला प्रश्न. बाई त्या दिवशी घरी गेल्या त्या गुणगुणतच.

दसऱ्याला शाळेत पाटीपूजन झालं. आबासाहेबांच्या पत्नी मनकर्णाबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. पोरांच्या पाट्यांना त्यांनी एकेक टिकली लावली. मोठ्या पाटीला मात्र मोठ्या मानाचं पूजन हवं, असं त्यांच्या मनानं घेतलं. चौकटीच्या चारी कडांना अंगठ्यानं ओलं हळदकुंकू भरलं, त्यावर अक्षता, वर झेंडूचा हार. धम्मशीलाबाईंच्या घरी असली पूजा नसते. त्या हात जोडून बाजूला उभ्या राहिल्या, आणि शाळेतल्या वस्तूचं कुणाला एवढं अप्रूप आहे हे बघून त्यांना बरंही वाटलं.

सुट्टी संपली आणि मोठ्या पाटीचं डोकं फिरलं. पडद्यावर आपोआप रेघा उमटू लागल्या. बोट एकीकडे ठेवावं तर खूण भलतीकडेच. खालचा भाग तर ढिम्म हलेना. परभणीच्या दुरुस्तीवाल्यानं फोनवर बंद करून परत चालू करा असं सांगितलं आणि दिवाळीनंतर येतो म्हणाला. आबासाहेब आले, बघितलं आणि निकाल देऊन मोकळे झाले. पोरांनी बोटं घालून घालून वाट लावली. आता मोठी पाटी कुलपात राहणार, कुणी मोठा पाहुणा आला की तेवढी उघडायची.

बाईंना रडू यायचंच बाकी होतं. कुलूप लागलं की गोपाळचं तोंडही परत बंद होणार, हे त्यांना दिसत होतं. आबासाहेबांकडून एका दिवसाची मुदत त्यांनी कशीबशी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी वर्गात धडा झालाच नाही. मोठ्या पाटीला आपला हात कळतो कसा, एवढाच प्रश्न. वरचा भाग थोडाफार चालत होता, तिथं बोट लावून बघितलं, पेन्सिल लावली, ज्वारीचा धांडा लावला, कडुलिंबाचं पान लावलं. कशानंही रेघ उमटली. म्हणजे कातडी ओळखण्याची तिला गरज नव्हती. मग पहिल्या बाकावरची वैष्णवी म्हणाली, की बोट टेकायच्या जरा आधीच रेघ सुरू होते. सगळ्यांनी करून बघितलं, खरंच होतं. पडद्यापुढं काहीतरी होतं आणि ते डोळ्यांना दिसत नव्हतं.

बाईंना एकदम टीव्हीचा रिमोट आठवला. त्याचा उजेडही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण फोनच्या कॅमेऱ्यात दिसतो. त्यांनी आपला नवा फोन धरला, काही नाही; नवे कॅमेरे असला उजेड गाळून टाकतात. मग तडकलेल्या काचेचा जुना फोन काढला, आणि सगळा वर्ग त्या फोनवर तुटून पडला. चौकटीच्या आतल्या कडेला बारीक जांभळ्या दिव्यांची रांगच्या रांग. हे दिवे पडद्यापुढं उजेडाचं जाळं धरतात, आणि बोट मध्ये आलं की पाटीला कळतं. फक्त मध्ये मध्ये रांग तुटलेली, तिथं अंधार. जिथं जिथं अंधार तिथं तिथं कुंकू वाळून बसलेलं, फटीत अक्षता चिकटलेल्या.

"पुसू का, बाई?" गोपाळनं विचारलं.

बाईंनी त्याचा हात धरला. सवाष्ण बाईनं लावलेलं कुंकू पुसायचं, आणि तेही धम्मशीलाबाईंच्या वर्गात. गाव त्याचा काय अर्थ लावेल, हे त्यांना न सांगता कळत होतं. ओलं फडकं फिरवलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण कारण शोधायला शिकवायचं आणि सापडलं की लपवायला शिकवायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी मनकर्णाबाईंना बोलावणं धाडलं.

मनकर्णाबाई आल्या, मागोमाग हातात कुलूप घेऊन आबासाहेब. बाईंनी काही न सांगता फोन मनकर्णाबाईंच्या हातात दिला आणि चौकटीसमोर धरायला लावला.

"हे दिवे खरंच हायत, का फोनातच हायत?" त्यांनी विचारलं.

बाईंनी त्यांना मध्ये हात धरून बघा म्हटलं. हाताआड दिवे झाकले गेले, हात काढल्यावर परत दिसले. मनकर्णाबाईंनी दोनदा करून बघितलं. मग फोन सरकत सरकत त्यांच्याच कुंकवापाशी आला आणि त्या थबकल्या. तिनं चांगल्या मनानं लावलं होतं, एवढं आबासाहेब पुटपुटले. बाई म्हणाल्या, ते माहीत आहे म्हणूनच आम्ही हात लावला नाही, आता तुम्ही सांगाल तसं.

मनकर्णाबाईंनी फोन बाईंच्या हातात परत दिला. "देवाला रोज न्हाऊ घालतोच की आपण," त्या म्हणाल्या. "कालचं कुंकू काढूनच आजचं लावतोय."

त्यांनी पदराचं टोक ओलं केलं. कडा पुसल्या, फटीतल्या अक्षता नखानं एकेक काढून तळहातावर घेतल्या. शेवटची कड पुसताना बोट पडद्याला लागलं आणि बोटामागं एक निळी रेघ उमटली. त्या चटका बसल्यासारख्या मागं झाल्या, आपण आणखी काही बिघडवलं या भीतीनं. वैष्णवीनं त्यांना सांगितलं की रेघ त्यांनीच काढली आहे.

त्यांनी परत बोट टेकवलं. एक ठिपका, मग दुसरा, मग ओळीनं ठिपके, अंगणातल्या रांगोळीचे. ठिपके जुळू लागले तशी पोरं त्यांच्याभोवती गोळा झाली. आबासाहेबांनी चला म्हणून दोनदा हाक मारली. मनकर्णाबाईंनी मान वळवली नाही.

"आधी भावाच्या पाटीच्या पाया पडले, मंग पोरांच्या, मंग नातवांच्या," त्या रेघ ओढता ओढता म्हणाल्या. "पाटीला हात आज लागला माझा. ते कुलूप घरी घिऊन जावा."

आबासाहेबांनी कुलूप खिशात घातलं, आणि रांगोळी पुरी होईपर्यंत पोरांच्या बाकावर बसून राहिले.