फ्लॉसीबाईंची खुर्ची आणि बोलकं मशीन

आमच्या वसईच्या बागायतदार सोसायटीत चेअरमन बदलले, सेक्रेटरी बदलले, टेम्पोचे ड्रायव्हर तर दर वर्षी बदलले. बदलल्या नाहीत त्या फक्त फोनच्या बोर्डावरच्या फ्लॉसीबाई. कोणाचं लग्न मोडलं, कोणाचा मुलगा आखातातून परत आला, हे फादरांच्या आधी त्यांना कळायचं, कारण लाइन जोडून दिल्यावर आपल्या कानाचा फोन खाली ठेवायची सवय त्यांना कधी लागलीच नाही.

बाजाराला जाणाऱ्या टेम्पोत मोगऱ्याच्या करंड्यांसाठी जागा हवी म्हणून कोणी फोन केला, की आधी त्याच्या घरची चौकशी व्हायची. आईचे गुडघे, सुनेचं बाळंतपण, आजारी कोंबड्या, काही सुटायचं नाही. मग "धरा हं" म्हणून लाइन माझ्याकडे, बुकिंगला. समोरचा "तुमचं कसं काय?" विचारेपर्यंत बाई गायब.

दोन हजार दोन साली चेअरमन बॅप्टिस्टना आधुनिक व्हायची हुक्की आली. मनवेलपाड्याचा जितेश नावाचा विक्रेता टाय लावून दोन यंत्रणा दाखवायला आला. पहिली साधी, तिला ऑपरेटर लागायचीच. दुसरी स्वतःच फोन उचलायची आणि प्रत्येकाचा मिनिटभर निरोप साठवून ठेवायची. बॅप्टिस्टचा जीव दुसरीवर जडला.

"शनिवार-रविवार चालवून बघू," ते म्हणाले. "चाललं तर फ्लॉसी जाईल कामणच्या गोदामात, रिकामे क्रेट मोजायला."

हे ते फ्लॉसीबाईंच्या तोंडावर म्हणाले. देवाने त्यांना पोट देताना हात सैल सोडला होता, जनाची लाज देताना मात्र आखडता घेतला. बाईंनी हसून जितेशला चहा विचारला. तीच खरी काळजीची गोष्ट होती.

मशीनवर आवाज फ्लॉसीबाईंचाच हवा होता, कारण अनोळखी बाईला गाववाले दाद देत नाहीत. जितेशने कागद पुढे केला: नमस्कार, आपला निरोप ठेवा.

"असं डायरेक्ट कामाचं विचारायचं? माणसं हायत की जनावरं?" बाईंनी कागद बाजूला सारला आणि मशीनपुढे मधाळ आवाज काढला. "फ्लॉसी बोलते. घरी सगळी बरी ना? आई कशी हाय? बोला."

मला तेव्हाच डावाचा वास आला. पण आज बोर्ड गेला तर उद्या माझं बुकिंगही जाईल, म्हणून मी बुकिंगच्या वहीत तोंड खुपसलं.

सोमवारी सकाळी टेम्पो दारात जवळजवळ रिकामा उभा. कमिटी जमली, जितेशने निरोप लावले.

"फ्लॉसी, आई बरी हाय गो. गुडघं तेवढं धरतात. डॉक्टर म्हनतो, जास्त चालू नका, आता ती काय ऐकनार..." मिनिट संपलं, मशीनने पीं केलं, मोगरा राहिला. दुसऱ्याची सून बाळंत झाली होती, त्याने मुलीचं नाव सांगितलं, नाक कोणासारखं तेही सांगितलं. भाजी सांगायच्या आधी पीं. कमिटी पोट धरून हसत होती. फ्लॉसीबाई तर टेबलावर थाप मारत होत्या.

मग आमच्या लक्षात यायला लागलं. या वेळी लाइन कोणी पुढे ढकलत नव्हतं, त्यामुळे शेवटी जो तो एकच विचारत होता. "आनि तू कशी हाय?" "तुजं काय गो, फ्लॉसी?" "एकटीच रवतेस, जेवतेस ना?" आणि पीं.

फ्लॉसीबाईंची थाप हवेतच थांबली.

बॅप्टिस्टनी कपाळाला हात लावला. "काढ रे हे मशीन. फ्लॉसी, बस तुझ्या बोर्डावर."

बाई जिंकल्या होत्या. पण त्या उठून मशीनजवळ गेल्या आणि जितेशला म्हणाल्या, "शेवटचा परत लाव." त्याने लावला. मशीनने परत विचारलं, जेवतेस ना? बाई वाकून मशीनला म्हणाल्या, "एकटीसाठी कोन चूल पेटवतं? पाव खाते."

कमिटीत कोणी हसलं नाही.

बाईंनी पदराने नाक पुसलं आणि बॅप्टिस्टकडे वळल्या. "बोर्डही राहील, मशीनही राहील. रात्री लोक बोलतील, सकाळी मी एकेकाला फोन करून जबाब देईन. तोवर कोनी टेम्पोचं नाव काढायचं नाय."

कमिटीने ठराव एकमताने मंजूर केला.