बंद दुकानाची नोकरी

यवतला हायवेच्या कडेला मच्छिंद्रशेठचं कापडाचं दुकान होतं आणि त्या दुकानात दगडोबा नावाचा नोकर होता. सगळे त्याला मामा म्हणत. माझा एसटीडी बूथ दुकानाला लागूनच, त्यामुळे मामाचं आयुष्य मला फुकटात बघायला मिळालं. बाकीच्या नोकरांना उघड्या दुकानाचं काम असतं. मामाला बंद दुकानाचंही होतं.

मच्छिंद्रशेठ कायद्याला धरून चालणारा. दर बुधवारी दुकान बंद, सव्वीस जानेवारीला बंद, पंधरा ऑगस्टला बंद. शटर बोटभरसुद्धा वर जायचं नाही. पण बंद शटर बघून गिऱ्हाईक पुढच्या दुकानात गेलं आणि तिथलंच झालं तर? म्हणून सुट्टीच्या दिवशी मामानं पायरीवर बसायचं आणि येईल त्याला सांगायचं, "आज बंद हाय, उद्या या."

"कायदा शटरच्या आत लागतो, पायरीला लागत न्हाई," असं शेठ मला समजावून सांगे. "आन् एरवी मामा दिवसभर उभं असत्यात. सुट्टीला निवांत बसत्यात. अजून काय पायजे माणसाला?"

मला त्या शेठचा मनापासून राग येई. मामाला येत नसे, म्हणून मामाचा जरा जास्तच येई. कामगार दिनाला तर हा गडी इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर बसायचा.

अठ्ठ्याण्णव साली मामाच्या मोनालीला दौंडचं स्थळ सांगून आलं. मुलगा पृथ्वीराज, तिथल्या चपलांच्या दुकानात कामाला. मामाची बायको वारलेली, घरात बापलेक दोघंच. पोरगी चांगल्या घरी पडावी, एवढा एकच घोर त्याला होता. पाहुणे म्हणाले, एक मेला बघायला येतो, त्या दिवशी सगळ्यांनाच सुट्टी असते. मामा शेठकडे सुट्टी मागायला गेला. शेठ खरोखरच गोंधळला.

"मामा, एक मेला सुट्टीच हाय की. सुट्टीच्या दिवशी कोण सुट्टी मागतं व्हय?"

"बरोबर हाय त्यांचं," मामा मला येऊन म्हणाला. मी कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी पाहुण्यांनाच दुकानापुढं बोलावलं. पायरीवर सतरंजी, माझ्या बूथमधल्या खुर्च्या, शेजारच्या कस्तुराबाईनं करून दिलेले पोहे. मोनाली साडी नेसून शटरला पाठ लावून बसली. समोर मुलगा आणि त्याचा चुलता. चुलता नाव, शिक्षण विचारतोय तोवर एक बाई आली.

"परकराचं कापड दावा."

"आज बंद हाय, उद्या या," मामा म्हणाला आणि त्याच दमात चुलत्याकडे वळला, "बारावी झालीय पोरगी."

एक म्हातारा गर्दी बघून दुकान उघडतंय असं समजला. पोह्यांची बशी घेऊन तो खुर्चीवरच बसला आणि "जोडा शोभतोय," असं सांगून मोकळा झाला. त्याला धोतर हवं होतं.

चुलता खूश होता. रीत म्हणून म्हणाला, "पोरी, तुला काय इचारायचं असंल तर इचार."

मोनालीनं मान वर केली. "तुम्हाला सुट्टी कवा असती?"

"सोमवारी," पृथ्वीराज म्हणाला.

"सोमवारी कुठं असता?"

"दुकानाम्होरं. गिऱ्हाइकाला सांगाया लागतं ना, बंद हाय म्हणून."

"मग आज?"

"आज वडलांना बसवून आलोय."

मामाचा चेहरा उजळला. "बघा, किती जबाबदार पोरगं हाय!"

"आप्पा, मला न्हाई करायचं हे लगीन," मोनाली बापाला म्हणाली.

चुलत्याचा घास हातातच राहिला. "अगं पर का? पोरगं निर्व्यसनी हाय, कायम नोकरी हाय."

मोनाली त्याच्याकडे बघतच नव्हती. "आप्पा, आईला दवाखान्यात नेलं तवा बुधवार व्हता. मी एकलीच व्हते तिच्याजवळ. तुम्ही हितं बसला व्हता."

म्हाताऱ्यानं बशी खाली ठेवली. पाहुणे उठले, चपला घातल्या आणि स्टँडकडे गेले. मला तेव्हा मामाकडे बघवेना. तो उठला, सतरंजी झटकली, तिची घडी घालून मोनालीच्या हातात दिली आणि तिच्याबरोबर चालू लागला. शेठ दुकानावरच्या आपल्या घराच्या गॅलरीत उभा होता. तो ओरडला, "मामा, दिवस मावळायचाय अजून! निघालात कुठं?"

"सुट्टीवर," मामा म्हणाला.

माझ्या बूथपुढं येऊन दोघं थांबली. रस्त्यावरून ट्रक जात होते. मामानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि हळूच विचारलं,

"मोने, सुट्टीला लोकं काय करत्यात गं?"

"मला तरी कुठं ठाव, आप्पा."